चौकट काढायची राहिली आहे

माजरी,
डिसेंबर २००५

प्रिय लच्छूभाऊ,

अक्षरावरून ओळखलं असशील. नसशील, तर खाली नाव आहेच. पण आधी नीट वाच, अर्ध्यात घडी करून खिशात कोंबू नकोस. तुझी ती सवय माझ्या ध्यानात आहे. मी फार थकलोय, भाऊ. बंगलोरहून आठवड्याची सुटी काढून आलो होतो, तिचा महिना होऊन गेला. आपलं गाव उठलं. शेतं खाणीत आधीच गेली होती, आता घरंही गेली. भद्रावतीच्या रस्त्याला नवं गावठाण दिलंय, तिथे आपलं घर बांधून तयार आहे, अगदी नळासकट. सगळे गेले. माय जात नाही.

लोकांनी आपापल्या छपरांची कवेलू उतरवून नेली, सागवानी दारं नेली, चौकटीसुद्धा उपटून बैलबंडीत घातल्या. गल्लीत नुसत्या भिंती उरल्यात आणि मधे आपलं एक घर, दारासकट. तू केलेलं दार. खालून घासतं म्हणून बाबा आयुष्यभर कुरकुरले आणि रंधा मारायचा म्हटलं की हात लावू द्यायचे नाहीत. खाणीत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजतो. मग चौकीदार येतो, मायला निंबाखाली नेऊन बसवतो, धमाका झाला की घरी सोडतो. त्या दोघांची आता चांगली गट्टी जमली आहे, ती त्याला शेंगा खाऊ घालते. पण मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली आहे. ती तिच्यावर पडेल, याची मला दिवसरात्र भीती वाटते.

माझं काम तुला कुणी सांगितलं नसेल. माय सगळ्यांना सांगते, पोरगा कंपूटरची मेमरी काढते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी भंगारचा धंदा करतो. तसं ते खोटंही नाही. बँकांचे, तिकिटांचे मोठे कॉम्प्युटर क्षणभरही बंद ठेवता येत नाहीत. त्यातली मेमरीची एखादी पट्टी बिघडायला लागली, तर मशीन चालू असतानाच ती बाहेर काढायची. मशीनचा सगळा कारभार बघणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. त्याला हे शिकवणं माझ्याकडे आहे. पट्टीवर पानं असतात. एकेक पान उचलून दुसऱ्या पट्टीवर ठेवायचं आणि ते ज्याचं असेल त्याला नवा पत्ता द्यायचा. सगळी हलली की पट्टी मोकळी. पण एखादं पान हलत नाही. कुणीतरी त्याला जुन्याच पत्त्यावर धरून ठेवलेलं असतं. धरलंय एवढं कळतं. कुणी धरलंय, ते त्या पानावर लिहिलेलं नसतं. त्या एका पानापायी अख्खी पट्टी अडून राहते. गेली दोन वर्षं मी असल्या पानांशी डोकं फोडतोय, आणि सुटी घेऊन आलो तर घरीही तेच.

एका घरासाठी इथे विजेचे खांब उभे आहेत, हापशी ठेवली आहे, खाणीचं काम अडलंय. साहेब लोक अजून सबुरीनं बोलतात, पण किती दिवस बोलतील? गाववाल्यांनी मला तोड सांगितली. डोळे तपासायला म्हणून मायला चांद्याला घेऊन जा, तेवढ्यात आम्ही घर पाडून मोकळे होतो. मी कबूल झालो होतो. ऑटोसुद्धा सांगून ठेवला.

मग मला आमचं उन्हाळ्यातलं शहाणपण आठवलं. असंच एक पान हलेना, तेव्हा ते रिकामंच आहे असं धरून आम्ही पट्टी काढली. मशीन झकास चालत होतं. आम्ही समोसे मागवले. थोड्या वेळानं ज्यानं ते पान धरलं होतं, तो आपला माल घेऊन जुन्या पत्त्यावर आला. तिथे काहीच नव्हतं. सगळं मशीन जागच्या जागी बसलं. बरं की ते चाचणीचं होतं.

ऑटोवाल्याला मी नको म्हणून सांगितलं आणि मायजवळ बसलो. ती लाखोळीची डाळ निवडत होती. इतके दिवस मी तिला नळाचं, भिंतीचं, खाणीच्या पैशाचं सांगत होतो. "माय, तू काऊन येत नाई?" हे काही सरळ विचारलं नव्हतं. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "मी तिकडं गेली अन् लच्छू इथी आला त? इथी त खड्डा राहीन. त्याले वाटन, माय मेली."

मला तुझा राग आला, भाऊ. खोटं कशाला सांगू. बुधरीवहिनी गोंडाची पोरगी म्हणून बाबांनी तुम्हा दोघांना दारातून परत पाठवलं, ते चुकलंच त्यांचं. पण त्या दारामागे मायही उभी होती, आणि तिला बोलू दिलं नव्हतं. बाबा आता नाहीत. तीन पावसाळे झाले. कळवायचं कुठे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटच्या दुखण्यात ते दाराकडे तोंड करून खाट टाकायला लावायचे. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

परवा आपल्या गावचा लटारूभाऊ ट्रक घेऊन आला होता. म्हणाला, "चामोर्शीच्या बाजारात लच्छू दिसला, बंड्या करून राह्यला, दोन लेकरं हायेत." इतक्या जवळ होतास तू. मला हसूच आलं. मायला मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती आजच निघेल, आणि तू तोंड फिरवलंस तर तिचं काय होईल, ते मला बघवणार नाही. म्हणून हे पत्र लटारूच्या हाती देतो आहे. तू परत ये, असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव. मागच्या पानावर नव्या घराचा पत्ता लिहिला आहे. तो मिळाला, एवढं तुझ्या हातानं मायला लिही. खाली लेकरांची नावं लिहिलीस तर आणखी बरं. तुझी चिठ्ठी तिच्या हातात पडली की मी चौकट काढायला घेईन.

तुझाच,
प्रवीण