माझं नाव कुणी घेतलं आहे का

तंजावूर,
नवरात्राची चौथी माळ, १९९६

तीर्थस्वरूप सेतुअण्णा यांना,

धाकटी मावसबहीण महालक्ष्मी हिचा वाकून नमस्कार. वहिनींनाही सांगावा. इकडे आम्ही सारे देवाच्या दयेनं उभे आहोत (सासूबाई बसलेल्या आहेत, पण बसल्या जागेवरून त्या बाकीच्यांना उभं ठेवतात). तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? मीठ कमी केलंत का? वहिनींच्या गुडघ्याला मागच्या वेळी पाठवलेलं तेल लागू पडलं का? माझं म्हणाल तर छातीत धडधडतं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, नुसती काळजी आहे. ‘नुसती’ हा शब्द त्यांनी का वापरला, याची मला पुढे आठवडाभर काळजी होती.

पत्र मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. घरात मराठी सगळे बोलतात, पण वाचायला कुणालाच येत नाही. साईप्रियाला (आमची मुलगी, यंदा बारावीला) तर मी मराठीत रागावले तरी ती तमिळमध्ये उत्तर देते. त्यामुळे हा कागद टेबलावर उघडा पडला तरी चिंता नाही. सासूबाई अक्षरांकडे बघून एवढंच म्हणतील, ‘काय स्तोत्र लिहितेस गे?’ आणि नमस्कार करून पुढे जातील. तुमच्या वडिलांनी सुट्टीत आपल्या दोघांना बसवून ही लिपी गिरवून घेतली, तिचा असा उपयोग होईल असं त्यांना वाटलं नसेल.

तर हकिगत अशी. (काही मागायचं आहे म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगते. नुसतं मन मोकळं करायचं आहे.) आमच्या कॉलेजात इतक्या वर्षांनी गणिताच्या रीडरची (लेक्चररच्या वरची) एक जागा निघाली आहे. जागा एक, उमेदवार तिघं. मी सगळ्यांत जुनी, म्हणून माझीच होईल असं सगळे म्हणत होते आणि सगळे म्हणतात म्हणून मला भीती वाटत होती. तोच यंदा नवा नियम आला. नुसते शोधनिबंध छापून चालणार नाहीत. ते दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात उल्लेखले आहेत का, त्याचा पुरावा जोडायचा. आमचे प्रिन्सिपल सुब्रमण्यम यांनी मला बोलावून समजावलं, ‘मॅडम, देशाचा बाजार उघडला. आता आपला माल बाहेर कोण घेतं ते दाखवायला नको का?’ मी होय म्हटलं. माझा माल म्हणजे घुबडं. ती बाहेर कोण घेणार, या विचारानं त्या दिवशी मी वर्गात फळ्यावर एकच समीकरण दोनदा सोडवलं, आणि दोन वेगळी उत्तरं आली.

माझ्या घुबडांचा निबंध तुम्हाला दहा वर्षांपूर्वी पाठवला होता. वहिनींसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे भाताच्या शेतात उंदीर फार. म्हणून शेतकरी नारळाची झावळी उलटी करून, तिचा जाड देठ वर येईल अशी चिखलात रोवतात. संध्याकाळी त्यावर घुबड येऊन बसतं आणि उंदीर टिपतं. पुस्तकातली गणितं सांगतात की उंदीर वाढले की घुबडं वाढतात, मग उंदीर कमी होतात, मग घुबडं कमी होतात, आणि हा पाळणा हलतच राहतो. मी दाखवलं की शेतात तसं होत नाही, कारण घुबडांची संख्या उंदरांवर ठरत नाही, बसायला जागा किती यावर ठरते. जागा ठरावीक असल्या की पाळणा हळूहळू थांबतो. एवढंच. तीन पानांचं काम. कलकत्त्याच्या एका छोट्या नियतकालिकात आलं, तेव्हा मी पेढे वाटले होते (सासऱ्यांनी विचारलं, ‘घुबडाचे पेढे कुणी खातं का?’ आणि तीन खाल्ले).

सुब्रमण्यमांनी हेही सुचवलं की नव्या निबंधाच्या शीर्षकात ‘जैवविविधता’ घाला, सध्या तेच चालतं. अण्णा, मी जेव्हा सुरुवात केली तेव्हा सगळे ‘समतोल’ म्हणत होते. मी समतोल शिकले तोवर सगळे ‘केऑस’कडे, म्हणजे गोंधळाच्या गणिताकडे, गेले. मी धापा टाकत केऑसपाशी पोचले तर तिथे कुणीच नाही, सगळे जंगलाचे तुकडे मोजायला गेलेले. आता जैवविविधता. चिन्नाळपट्टीची साडी घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो, ‘अम्मा, आता हा काठ कुणी नेसत नाही,’ तसं माझं झालं आहे. घुबड मात्र त्याच देठावर बसलेलं आहे.

असो. पुरावा शोधायला मद्रासला जावं लागलं, कारण कोणी कुणाचा उल्लेख केला याचे ते जाडजूड खंड फक्त मोठ्या संस्थांच्या ग्रंथालयांत असतात. सासूबाईंना मांबळमला नणंदेकडे जायचंच होतं, त्या बरोबर निघाल्या. नणंदेच्या घरी कुलूप. (ती आम्हाला घ्यायला एग्मोर स्टेशनवर गेली होती आणि आम्ही तांबरमलाच उतरलो होतो, ही वेगळी हकिगत आहे आणि तीत चूक कुणाची हे अजून ठरलेलं नाही.) म्हणून सासूबाईही ग्रंथालयात आल्या. नऊवारी, हिऱ्याच्या कुड्या, हातात डांगर पच्चडीचा डबा. शिपायानं डबा बाहेर ठेवायला सांगितला, तेव्हा त्यांनी त्याला त्याचं गाव विचारलं. तो आमच्या जवळच्याच पापनाशमचा निघाला. डबा आत आला.

खंडातली अक्षरं मोहरीएवढी. मी भिंग धरून माझं नाव शोधू लागले. आधी ‘म’ खाली पाहिलं, मग यांच्या नावाचं आद्याक्षर ‘र’, मग लग्नाआधीचं वडिलांचं ‘भ’ (आपल्याकडे आडनाव नसल्यानं परदेशी लोक आपल्याला कुठल्या कप्प्यात टाकतील याचा भरवसा नसतो). एकेका वर्षाचा खंड काढायचा, तीन ठिकाणी बघायचं, ठेवायचा. सासूबाई समोर बसून विचारत होत्या, आणि हळू बोलायचं असतं हे त्यांना तंजावूरच्या देवळातही पटलेलं नाही.

‘हे काय गे एवढं बघतेस?’

‘माझं नाव कुणी घेतलं आहे का, ते.’

‘तू कुणाकुणाचं घेतलंस?’

‘अठरा जणांचं.’

‘आणि त्यांनी?’

‘अजून कुणीच नाही.’

सासूबाईंनी कुड्या चाचपल्या. ‘अय्यो. हे गोलूसारखंच की! तू अठरा घरी जाऊन गोलू बघून आलीस, गाणं म्हटलंस, सुंडल खाल्लंस. तुझी बाहुल्यांची आरास बघायला कुणीच नाही आलं. मग पुढल्या वर्षी तू कशाला जातेस?’

पलीकडे एक दाढीवाला विद्यार्थी टिपणं काढत होता, तो हसला. सासूबाई त्याच्याकडे वळल्या आणि तमिळमध्ये विचारलं, ‘तुझ्या घरी कुणी येतं का रे?’ त्यानं मान हलवून नाही म्हटलं. त्याचा चेहरा इतका उतरला की त्यांनी त्याला डबा उघडून दिला.

अण्णा, दहा वर्षांचे खंड पाहून झाले. मी कुठेच नाही. अपमान कुणी केला असता तर निदान रडता आलं असतं. इथे कुणाला मी आहे हेच माहीत नाही, तर रुसायचं कुणावर? सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘चल, कॉफी पिऊ.’ मला हाताला धरून उठवलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

पण त्या गप्प बसणाऱ्या नव्हेत. परत आल्यावर त्यांनी शेजारच्या कल्याणरामना बोलावलं. ते दुसऱ्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, कोळंबीच्या तळ्यांवर लिहितात, आणि त्यांचंही नाव कुणी घेतलेलं नाही. सासूबाईंनी गोलूचा हिशेब मांडला: तू हिच्याकडे ये, ही तुझ्याकडे येईल, लांबच्या लोकांच्या नादी लागू नका. कल्याणरामांचे डोळे चमकले. मी नको नको म्हणत होते (माझं ‘नको’ फार बारीक आवाजात निघतं, हे तुम्हाला ठाऊक आहे). त्यांनी त्रिचीच्या एका त्रैमासिकात द्यायच्या कोळंबीच्या निबंधात माझी घुबडं घालून तो पाठवलासुद्धा. आमच्या यांनी तर शेवयांची खीर करवली.

आठवड्यानं संपादकांची चिठ्ठी आली. घुबडांचा आणि कोळंबीचा नेमका संबंध काय, ते कृपया स्पष्ट करावं. कल्याणराम ती घेऊन माझ्याकडे आले. ‘महालक्ष्मी अम्मा, घुबडं तुमची आहेत, संबंधही तुम्हीच लावा.’ मी खरोखर बसले अण्णा, याची लाज वाटते. घुबड तळ्याकाठी बसतं का? कोळंबी रात्री वर येते का? दोन दिवस मी या संबंधामागे होते. भाजी करपली, साईप्रियानं विचारलं, ‘अम्मा, यू ओके?’ तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला स्वच्छ दिसलं की काहीही संबंध नाही. मी कल्याणरामांना सांगितलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, ‘मग मुलाखतीत काय दाखवाल?’ सासूबाई आतून म्हणाल्या, ‘आलेला पाहुणा हिनं दारातून परत लावला!’ अजून त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात. सुंडलाला खोबरं किसायला सांगतात, पुरेसं झालं हे सांगत नाहीत.

तर पुराव्याची जागा कोरी आहे. अर्ज दिवाळीआधी द्यायचा आहे. दुसरे दोघे उमेदवार तरुण आहेत, हुशार आहेत, एकाला तर परदेशातल्या कुणी दोनदा उल्लेखलं आहे. हे म्हणतात, नाही मिळालं तर काय, पगार आहे ना. पगार आहे. पण मी वीस वर्षं मुलींना शिकवलं की बरोबर उत्तर कधी ना कधी कुणीतरी तपासतं. आता त्यांना काय सांगू? रात्री आढ्याकडे बघत मी विचार करते की माझं उत्तर चुकलंच असतं तर बरं झालं असतं. चूक काढायला तरी कुणी आलं असतं.

मन मोकळं झालं. प्रकृतीला जपा. वहिनींनी मांडी घालून बसू नये.

आपली,
महालक्ष्मी

ता. क. तेल संपलं असेल तर कळवा. तिरुवैयारुहून कुणी ना कुणी पुण्याला जात असतं.

ता. क. २. एक सांगायचं राहिलं. मद्रासला, सासूबाई त्या दाढीवाल्याला जेवू घालत होत्या तेव्हा, मी तुमचंही नाव पाहिलं. ओळीच्या ओळी आहेत. फार अभिमान वाटला. सगळ्यांत जास्त उल्लेख तुमच्या तीन वर्षांपूर्वीच्या निबंधाचे आहेत, ‘शिकारी आणि त्यांच्या बसायच्या जागा’ या विषयाच्या. तो मी तिथेच काढून उभ्यानं वाचला. फार सुंदर लिहिला आहे. माझ्या तीन पानांपेक्षा कितीतरी नीट. संदर्भांची यादी दोनदा वाचली. मग शेवटी आभार वाचले: ‘कावेरीच्या खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याशी झालेल्या संभाषणातून ही कल्पना सुचली.’

अण्णा, आमचा पुतण्या भीमसेन याच्या मुंजीला तुम्ही आला होतात, तेव्हा आपण आमच्या शेताच्या बांधावर गेलो होतो. झावळीचा देठ दाखवून मी तुम्हाला सगळं सांगितलं. त्या दिवशी बांधावर तुम्ही, मी आणि एक म्हैस, एवढेच होतो. म्हशीनं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

ता. क. ३. राग नाही. खरंच नाही. इतकी वर्षं झाली, माणूस विसरतो. माझी साडीही त्या दिवशी शेतकरणीसारखी खोचलेली होती. छापलेलं बदला असं मी म्हणत नाही, तुमच्या नावाला धक्का लागेल असं काहीही नको. फक्त एका कागदावर, तुमच्या सहीनं, एक ओळ लिहाल का, की त्या शेतकऱ्याचं नाव काय? दिवाळीआधी मिळाली तर बरं. तुम्ही लिहिणार नसाल तर तसंही कळवा, म्हणजे मी पोस्टमनची वाट बघणार नाही. अर्जात ‘आपल्या कामाचा उल्लेख कोणी केला’ यापुढे मी तुमचं नाव घातलं आहे. ‘कोणत्या नावानं’ यापुढे पेन्सिलीनं ‘शेतकरी’ लिहून ठेवलं आहे. शाईनं काय लिहायचं, ते तुम्ही सांगा.