मार्गशीर्षातलं हिरवं शेत

आये, आपलं शेत मी हल्ली वरून बघतो. तुला हे सांगितलं असतं तर तू आधी छपराकडे बघितलं असतंस, मग माझ्याकडे, आणि मग माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास. पण खरंच आहे. आभाळात, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या उंचावर, उपग्रह फिरत असतात आणि दर काही दिवसांनी आपल्या खाडीवरून जाताना खालचं सगळं टिपून नेतात. खाडी, बांध, खाचरं, घरांवरचे पत्रे, काही सोडत नाहीत. ती चित्रं अलिबागला आमच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर येतात. कुठे भात आहे, कुठे पडीक, कुठे पाणी आणि कुठे कांदळवन, हे रंगांवरून ओळखायचं आणि नकाशावर तसं नोंदवायचं, याचा मला पगार मिळतो. तू असतीस तर पोरगा खुर्चीत बसून पगार घेतो म्हणून चार घरी सांगत फिरली असतीस, आणि कशाचा पगार विचारलं की विषय बदलला असतास.

मी भित्रा, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. दादा बांधावरून खाडीत उड्या मारायचा त्या वयात मी ओहोटीचं पाणी सोडणाऱ्या उघाडीच्या फळीवरून जाताना तुझा पदर घट्ट धरायचो. तुला त्याचा राग यायचा आणि हसूही यायचं. भाद्रपदातली ती अमावास्या मला अजून तशीच दिसते. भर दुपारी उधाण होतं. तू चुलीपुढे भाकऱ्या थापत होतीस, मी सुका जवळा निवडत होतो, आणि बाहेर कोणीतरी ओरडत गेलं की बांधाला खांड गेली. तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठतेस, पिठाचे हात पदराला पुसतेस आणि माझं बखोट धरून बांधाकडे पळत सुटतेस. सगळा गाव तिथे. कोणी पेंढा आणतंय, कोणी बांबू, बायका घमेल्यांनी चिखल देतायत, आणि त्या फुटलेल्या जागेतून खारं पाणी पोटरीत आलेल्या भातात शिरतंय. मला तू बांधाच्या उंच भागावर उभं करतेस आणि सांगतेस की पलीकडचं पाणी आणखी कुठे वर चढताना दिसलं तर ओरड. मी डोळे मिटून घेतले. कमरेएवढ्या चिखलात उभी असताना तुला ते कसं दिसलं कोण जाणे.

"भ्या वाटतं तं वाटू दे," तू खालून म्हणालीस. "डोले मिटू नको. तू न्हाय बगलंस तं कोन बगंल?"

मी डोळे उघडले आणि उधाण उतरेपर्यंत उघडे ठेवले. खांड बुजली. घरी आलो तेव्हा ती भाकरी कोळसा झाली होती, आणि ती तू खरवडून स्वतः खाल्लीस. मला दुसरी दिलीस, वर जवळ्याची चटणी जास्त. शाबासकी तुला तोंडाने देता यायची नाही, ती अशी ताटात वाढायचीस. मला वाटतं, आज मी जे काम करतो ते तू त्या दुपारीच मला लावून दिलंस. फक्त तेव्हा पाणी चढताना दिसलं तर ओरडता येत होतं, आणि ओरडलं की माणसं धावून येत होती.

बांध पाच पावसाळ्यांमागे पुन्हा फुटला. तुझ्या वेळची जागा सोडून जरा दक्षिणेला. तेव्हा गावात धावून जायला माणसंच नव्हती ग. अर्धे उरणला कंटेनरच्या गाड्यांवर, काही कंपन्यांत, काही मुंबईच्या लोकांच्या बंगल्यांवर राखणीला. दादा आणि आणखी दोघे-तिघे पेंढा घेऊन उभे राहिले, आणि पुढच्या भरतीने त्यांचा पेंढाही नेला. सरकारी दुरुस्ती होणार होती, ती अजून होते आहे. पहिल्या वर्षी भात काळं पडलं. दुसऱ्या वर्षी जमिनीवर मिठाची पांढरी साय आली. मग भरतीबरोबर तिवराच्या बिया आत आल्या आणि रुजल्या; आमच्या ऑफिसात कांदळवन म्हणतात ते हेच. बांधाच्या बाहेरचं तिवर तू कोणाला सरपणालाही तोडू द्यायची नाहीस, ते आहे म्हणून बांध आहे म्हणायचीस. तेच आता आपल्या खाचरात उभं आहे, माझ्या छातीला लागेल एवढं.

दादाने हार मानली नाही. तुझ्या लाल तांदळाचं, त्या राता भाताचं बियाणं त्याने अजून जिवंत ठेवलंय. विहिरीमागे पटकुराएवढ्या जागेत तो दरवर्षी ते पेरतो, कापतो, झोडतो आणि पुन्हा पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवतो. खायला त्यातलं एक शीत घेत नाही. वहिनी चेष्टा करते की हे भात फक्त दर्शनाला आहे. या गणपतीत तो मला म्हणाला की होळीच्या आत रान साफ करतो, मशीन लावून बांध घालतो आणि मिरगाला आयेचं भात पेरतो. मी त्याला सांगितलं की तिवर तोडणं हा गुन्हा आहे, केस होते, पोलीस येतात, आपल्या जमिनीत असलं तरी. आरतीचं तबक पुसता पुसता तो हसला.

"आपल्या शेतातला रान उपटाला कोनाला इचाराचं?" म्हणाला. "सातबारा आपला हाय ना?"

मी आणखी बोलायला हवं होतं, पण घरात पाहुणे होते, आणि त्याच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू होतं. मी मोदक खाल्ला.

आता ऐक, घाबरायचं खरं कारण पुढे आहे. आमच्या त्या चित्रांत भात आणि कोवळं तिवर पावसाळ्याच्या अखेरीला जवळजवळ सारखंच हिरवं दिसतं. कॉम्प्युटर दोन्हीला भातच म्हणतो. पण कापणी झाली की खरी शेतं पिवळी, मातकट होतात, आणि मार्गशीर्षात जे हिरवं उरतं ते भात नसतं, हे माणसाला कळतं. गेल्या आठवड्यात साहेबांनी तशीच काही हिरवी उरलेली शेतं माझ्यापुढे ठेवली. त्यात आपलं होतं. मी आकारावरूनच ओळखलं, विहिरीकडे निमुळतं होत जाणारं. साहेब म्हणाले, जवळून ड्रोनने फोटो घ्या, कांदळवन असेल तर तसं नोंदवून टाका. एकदा ते नाव लागलं की तिथे कोयता चालत नाही की नांगर. ते शेत आमचं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं म्हणून नाही सांगितलं, आणि मी स्वतः तरी काय करणार होतो, तेही मला माहीत नव्हतं.

ड्रोन आमच्या ऑफिसातली एक मुलगी उडवते. तळा तालुक्यातली आहे, डोंगरातल्या भातशेतीतली, बोलायला मोकळी, आणि माझ्या भित्रेपणाची रोज मजा घेते. मला गावात शिरायचं नव्हतं, म्हणून आम्ही खाडीपल्याड रस्त्याच्या कडेला गाडी लावली. तिने ते यंत्र वर सोडलं. दुपार होती, आभाळ कोरं, वारा नावाला. तिच्या हातातल्या पडद्यावर बांध आला, फुटलेली जागा आली, मग आपलं खाचर. हिरव्याच्या मधोमध एक तपकिरी तुकडा होता, अंगणाएवढा. कापलेली तिवरं आडवी पडली होती आणि त्यांच्यात एक माणूस वाकला होता.

"सर, कोण तरी तोडतोय," ती म्हणाली.

ती पाठ मी कुठेही ओळखली असती. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल एका बाजूला सुटलेला, तसा तो फक्त त्याचाच सुटतो. मी तिला परत फिरव म्हणणार, तेवढ्यात त्याने आवाज ऐकला. तो सरळ झाला, कोयत्याच्या हाताने डोळ्यांवर सावली धरली, वर बघितलं, आणि हसला. आणि मग त्याने दुसरा हात उंच करून हलवला. अशी यंत्रं आमचं ऑफिस उडवतं हे मीच त्याला कधीतरी सांगितलेलं, त्यामुळे धाकट्या भावाचं यंत्र आलंय हे त्याला कळलं होतं. मुलीने बटण आधीच दाबलं होतं. चेहरा, हसू, कोयता, पायाशी पडलेली झाडं, सगळं एका फोटोत.

"ओळखीचा हाय का तुमच्या?" तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. इतक्या लगेच म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. मी काढून बघितला, तिनेही बघितला असेल. फोनवर दादाचं नाव येत होतं, आणि पडद्यावर, खाडीपल्याड, तो माणूस कोयता काखेत धरून कानाला फोन लावून उभा होता. मी उचलला नाही. वाजून वाजून थांबला. त्याने आपल्या फोनकडे बघितलं, खांदे उडवले आणि पुन्हा कामाला वाकला. तिने यंत्र खाली उतरवलं, त्यातलं फोटोंचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. ते तिच्याकडे ठेवायचा नियम आहे. परत येताना वाटभर ती आपल्या गावच्या वरीबद्दल आणि रानडुकरांबद्दल बोलत राहिली, आणि माझी मजा तिने त्या दिवशी घेतली नाही.

साहेबांना मी सांगितलं की वारा होता, फोटो हलले, पुन्हा जावं लागेल. कार्ड माझ्या कपाटात कपड्यांखाली आहे. पण त्याने काय होणार? उपग्रह परवा पुन्हा जाणार आहे, त्याला माझ्या कपाटाशी काही देणंघेणं नाही. हिवाळ्यात आमच्या कामाला ढगांचा त्रास नसतो म्हणून आम्ही खूश असतो, आणि मी हल्ली दर सकाळी गच्चीवर जाऊन एखादा ढग दिसतो का बघतो. तो तपकिरी तुकडा रोज वाढत असणार. आज अंगणाएवढा, परवा खळ्याएवढा. माझ्या शेजारच्या टेबलावरही तीच चित्रं येतात, कोणाच्या तरी ते लक्षात येईलच. मग गाडी जाईल, पंचनामा होईल, आणि दादा त्यांना सातबारा काढून दाखवेल. दार वाजलं तरी मी दचकतो. जेवताना घास फिरतो. बायको विचारते काय झालं, मी ऑफिसचं म्हणतो.

करायचं काय ते मला समजत नाही असं नाही. त्याला फोन करून सांगायचं, कोयता ठेव, एक झाडही आता तोडू नकोस. आणि त्याच्यापुढचंही सांगायचं, की ते शेत आता गेलं. नाव आपलं राहील, पण त्यात भात पुन्हा होणार नाही, आयेचं बियाणं विहिरीमागेच राहू दे. भावाने भावाला हे सांगायचं, आणि तेही या नोकरीत बसलेल्या भावाने. तुला लिहिताना सुद्धा ते वाक्य मी दोनदा खोडलं. पण तुला लिहिता आलं, कारण तू काही विचारणार नाहीस आणि हा कागद कुठे जायचा नाही. दादाचं तसं नाही. तो पहिल्या घंटीला उचलेल, आणि मी तोंड उघडायच्या आधी विचारेल, "फोटू कसा आयला?" म्हणून सकाळपासून फोन उपडा ठेवून मी तुलाच लिहीत बसलोय.