बारीक धार

१८ नोव्हेंबर

तेरनाविकला आज दुपारी पोहोचलो. बोटीवर सहा तास या गावाची मनातल्या मनात यथेच्छ निंदा करीत आलो होतो. ते चक्क देखणे निघाले याचा थोडा रागच आला. रंगवलेली घरे, माशांच्या वाळवणाच्या रिकाम्या माच्या, वर डोंगराच्या खांद्यावर बर्फाने अर्धे झाकलेले तळे. त्या तळ्याचे पाणी गावाला सुरक्षितपणे पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी नगरपालिकेने मला दोन वर्षांसाठी नेमले आहे. दक्षिणेत माझ्या वरिष्ठांना माझी काटेकोर वृत्ती झेपली नाही. येथे ती उपयोगी पडेल.

वरच्या आळीत बोर्गहिल्ड न्यूमार्क या बाईंकडे माडीवरची खोली मिळाली. वय सत्तरीपुढचे. मासळीच्या कारखान्यात हयातभर सुरी चालवलेली; जीभही त्याच धारेची. माझे बूट पाहून म्हणाल्या, "हे नाचायला आणलेस की चालायला?" मग तपकिरी चीज घातलेले वॉफल आणि उत्तम कॉफी, आणि सुरी कोठल्या खणात ठेवायची याचा धडा. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. स्वयंपाकघरालगतच्या खोलीत डायलिसिसचे यंत्र बसवलेले आहे आणि एक दिवसाआड त्या स्वतःला त्याला जोडून घेतात. यंत्र नळाच्याच पाण्यावर चालते. "मी आणि कॉफीची किटली, दोघीही नगरपालिकेच्या पाण्यावर जगतो," असे हसत सांगितले. त्यांच्या रक्तात आणि माझ्या पाण्यात एका पातळ पडद्याचेच अंतर आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. माझे काम मात्र त्यामुळे अचानक गंभीर झाले.

पाणी चाखले. थंड, मृदू, शेवटी किंचित कोमट म्हणावे असे काहीतरी, ज्याला मला नाव देता आले नाही. असे सहसा होत नाही.

स्वयंपाकघरातला नळ काडीएवढ्या धारेने वाहत होता. बंद केला. कॉफीचा कप ठेवायला गेलो तेव्हा पुन्हा चालू होता. हे शाईच्या पेनाने, नव्या वहीत, अत्यंत प्रसन्न मनाने लिहितो आहे.

२१ नोव्हेंबर

शुद्धीकरण केंद्र लहान पण नेटके. गाळण्या स्वच्छ, जंतू मारणारा दिवा नवा. येथील नळ-कामगार यूस्ताइन मात्र तसा नेटका गडी नाही: ओठाखाली कायम तंबाखूची पुडी, कामापेक्षा विनोद अधिक. माझे दाबमापक पाहून त्याने विचारले की मी नळांचा ताप पाहायला आलो आहे काय.

दोष केंद्रात नाही, घरांत आहे. एकूण एक घरात नळाची बारीक धार अहोरात्र सोडलेली असते. कडाक्याच्या थंडीत नळ गोठू नयेत म्हणून असे करतात हे मला ठाऊक आहे. माझी आईही करी. पण ही मंडळी जुलैतही करतात! गावाचे निम्मे पाणी सिंकमधून थेट समुद्रात जाते. परिणामी वरच्या आळीत दाब इतका घसरतो की जुन्या वाहिन्यांत सांडपाणी झिरपू शकेल. आज बोर्गहिल्डबाईंचे यंत्र दोनदा थांबून किंचाळले. बाई त्याला म्हणाल्या, "गप रे, मेल्या, येतंय पाणी." मला हसू आले नाही.

२६ नोव्हेंबर

धारेचे कारण विचारत हिंडलो. यूस्ताइन म्हणाला, थंडी. दुकानदार म्हणाला, गंज. नगराध्यक्ष राग्ना म्हणाल्या की बंद केले तर नळ आवाज करतात आणि मुले घाबरतात. एक म्हातारा म्हणाला, "आला दक्षिणेचा शहाणा! तुझ्या जन्माआधीपासून वाहतंय ते." ज्या गोष्टीची चार माणसे चार कारणे देतात, तिला कारण नसते. सवय असते.

मी राग्नाबाईंना बजावले की वरच्या आळीत एक स्त्री या दाबावर जगते आहे आणि गावच्या आळसापायी ती मरेल. त्यांनी सर्व धारा बंद करण्याच्या आदेशावर सही केली. "सही तुझ्यासाठी नाही, बोर्गहिल्डसाठी," असे म्हणाल्या. कोणासाठी का असेना.

२ डिसेंबर

आदेश लागू झाला. सर्व धारा बंद. वरच्या आळीतला दाब दुपारपर्यंत असा सरळ वर चढला की पाहत राहावे. लोक कुरकुरले, पण दंडाला भ्याले. न भिणारी एकच व्यक्ती म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. यंत्र आता न थांबता चालते हे त्यांनी मान्य केले, मला लेफ्से ही बटाट्याची मऊ पोळीही खाऊ घातली, आणि मी वळताच स्वयंपाकघरातली धार सोडली. नियमाला घरमालकिणीचा अपवाद करता येत नाही. मी नळाची मूठ काढून कोटाच्या खिशात टाकली.

त्या म्हणाल्या, "घर तुझं नाही, नळ तुझा नाही. हट्ट तेवढा तुझा."

५ डिसेंबर

मी पाठवलेल्या पाण्याच्या नमुन्यांबद्दल जिल्हा प्रयोगशाळेतून दूरध्वनी. जंतू शून्य. मी अभिनंदनाची वाट पाहत होतो. त्याऐवजी ती तज्ज्ञ बाई अडखळत म्हणाली की सातही बाटल्यांत लाळेतला पाचक घटक सापडला आहे. "राग मानू नकोस, टोरग्रिम, पण कुणीतरी बाटल्यांत थुंकलंय."

बाटल्या मी भरल्या होत्या. मी! निर्जंतुक हातमोजे घालून, नळाचे तोंड ज्योतीने भाजून. तिला जे सांगितले ते येथे लिहिण्याजोगे नाही. यूस्ताइनला विचारले तर तो म्हणाला की त्याला थुंकायचे असते तर त्याने माझ्या टोपीत थुंकले असते. तो हसला, पण डोळे हसले नाहीत.

पाण्याला आता कडवट चव आहे. फार नव्हे. उपाशी माणसाच्या तोंडाला येते तशी.

९ डिसेंबर

नवे नमुने, नवे झाकण, पुन्हा तेच. प्रमाण मात्र कित्येक पटींनी अधिक.

आणि केंद्राच्या टाकीतली पातळी खाली जाते आहे. सारे नळ बंद असताना. म्हणजे मोठी गळती. ती शोधायची रीत सोपी आहे: लोखंडी सळईचे एक टोक वाहिनीवर टेकवायचे, दुसरे कानाला. गळतीचा आवाज सूंसूं करणारा आणि अखंड असतो. रविवार होता, कारखाना बंद, हिवाळ्यात येथे असतो तसा भरदुपारचा अंधार, सारे गाव निवांत. यूस्ताइनने तळ्याकडून येणाऱ्या वरच्या वाहिनीला सळई लावायला साफ नकार दिला. म्हणाला, "तुझे कान शिकलेले आहेत. तूच लाव."

लावली. आवाज अखंड नव्हता. एक घोट. मग विसावा. मग घोट. मध्ये नाकाने घेतल्यासारखा दीर्घ श्वास.

वाहिनीत हवा अडकली की असे होऊ शकते. होऊ शकते असे लिहून ठेवतो.

१० डिसेंबर

बोर्गहिल्डबाईंना ऐकलेले सांगितले. हसतील असे वाटले होते. त्यांनी विणकाम खाली ठेवले. त्यांच्या आईने त्यांना सांगितले होते ते असे: तळ्याखाली जे आहे ते आधी पिते, मग आपण. पाणी वाहते राहिले की त्याच्या तोंडात आपोआप पडत जाते, त्याला कष्ट पडत नाहीत. "थांबवलंस की ते ओढतं. तान्हं पोर ओढतं तसं. आम्ही त्याचं उष्टं पितो, टोरग्रिम. पिढ्यान्पिढ्या. उष्ट्यानं कुणी मेलं नाही इथे."

मी विचारले, मग हे मला आधी का सांगितले नाही. त्या म्हणाल्या की पूर्वी एकदा एका पाहणी करणाऱ्याला सांगितले होते; त्याने दक्षिणेत जाऊन त्याचा विनोद केला, आणि कितीतरी वर्षे या गावची माणसे बंदरात उतरली की लोक घोट घेतल्याचा आवाज काढीत. त्यानंतर गावाने थंडीचे कारण सांगायचे ठरवले.

लाज. एवढे सारे लाजेपायी. अडाणीपणापेक्षा लाजेचा मला अधिक संताप येतो.

त्यांनी नळाची मूठ परत मागितली. अंधश्रद्धेपुढे मान तुकवणाऱ्यांपैकी मी नव्हे. दिली नाही.

१२ डिसेंबर

खिडकीतल्या कुंड्या वाळल्या. काल घातलेले पाणी मातीत नाही. मांजर सिंकपाशी जात नाही.

न्हाणीघरातला नळ उघडला. धार आली, थांबली, आणि— मी बोट लावले. आत ओढले गेले. हळुवारपणे. सोडवून घेताना आवाज झाला. बोटाचे टोक सुरकुतून पांढरे पडले आहे, अजून.

शास्त्रीय कारण आहे: टाकी उपसली गेली की वाहिनीत उलट ओढ निर्माण होते. पहिल्या वर्षी शिकवतात. पण दाबमापक पूर्ण दाब दाखवते. काटा अगदी जेथे हवा तेथे.

यूस्ताइन सकाळच्या बोटीने बहिणीकडे गेला. निरोप ठेवला नाही. राग्नाबाई दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, आता पुरे. सोडू दे धारा." माझा पहिला अहवाल सोमवारी जायचा आहे. अर्ध्यावर आदेश मागे घेतला तर दक्षिणेतले सारे म्हणतील, पाहा, तेथेही जमले नाही. सोमवारी पाहू, असे सांगितले.

बोर्गहिल्डबाईंनी पुन्हा मूठ मागितली. उद्या यंत्रावर बसायचे आहे, भीती वाटते, म्हणाल्या. मी यंत्राचा दाब स्वतः तपासून दाखवला. निर्दोष होता. "तुझ्या काट्यावर बसते तर मग," म्हणाल्या. माझ्या ताटात कॉड माशाचा जास्तीचा तुकडा वाढला.

१३ डिसेंबर

त्या गेल्या.

यंत्र चालू होते. किंचाळले नाही. एकदाही नाही. काटा स्थिर. मी वर अहवालाचा मसुदा शुद्ध करीत होतो. खाली येऊन पाहिले तर खुर्चीत— त्या इतक्या लहान नव्हत्या. पांढऱ्या, हलक्या. कागदासारख्या. नळ्या स्वच्छ होत्या. धुतल्यासारख्या.

डॉक्टरने हृदय असे लिहिले. मी विचारले, रक्त कोठे आहे. त्याने बॅग बंद केली. तो येथलाच आहे.

१४ डिसेंबर

आदेश मागे घेतला. दारोदार मी स्वतः गेलो. उघडा, सगळे उघडा. उघडले. पाणी येत नाही. प्रत्येक नळ आत ओढतो— पडदे तोटीकडे झुकतात. मुले ओठ चाटतात, ओठ ओले होत नाहीत.

गाव धक्क्यावर आहे. कोणी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते. राग्नाबाई एवढेच म्हणाल्या, "आम्ही सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नाही.

बोट आली. चढलो नाही. कुणाला तरी धार पुन्हा लावून द्यावी लागेल, नाही तर ते तळ्यातून खाली उतरेल. वाहिन्या समुद्रात जातात. समुद्र सगळ्या गावांना.

१५ डिसेंबर

बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघरात बसलो आहे. कोटाच्या खिशातली मूठ काढून नळाला बसवली. नीट बसवली, आटे सरळ. उघडली. बराच वेळ—

ओढते आहे. घोट. श्वास. घोट. सळईची गरज नाही आता.

वाहते काहीतरी हवे. आधी काहीतरी वाहते द्यायचे, म्हणजे ते ओढायचे थांबेल. गावात ओले काही उरले नाही. खुर्चीवर तिचे विणकाम. सुरी कोठे ठेवायची ते तिने दाखवले होते मला. पहिल्याच दिवशी.

तोंड कोरडे. डोळे मिटले की पापण्या चिकटतात. दौत भरलेली होती— तळ दिसतो. मी नाही वापरली एवढी. अक्षर फिके होते आहे. माझे अक्षर कधी—

आता ते इकडे वळले. दौतीकडून माझ्याकडे.

माझ्या जागी जो येईल त्याला सांगा. हसला तरी सांगा. धार चालू ठे