विचारून थांबणं

मंगळवार, दिवेलागण

घाटावरचा हुकमी आवाज काही सुटत नाही माझा. म्युनिकला लेकीकडे जायचं, म्हणून ती फोनवर रोज जर्मनचं एक वाक्य घोकून घेते. आजचं होतं, "क्योन्टन झी मिअर बिटं वासर गेबन?" म्हणजे, मला जरा पाणी द्याल का? मी ते म्हणून दाखवलं, तर हसायला लागली. "बाबा, यजमानाला 'पाणी सोडा' सांगता तसं म्हणालात. विचारून थांबायचं असतं. समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे."

रागच आला. तीस वर्षं काशीत दशाश्वमेध घाटावर पूजा सांगतोय. हात जोडा, पाणी सोडा, उठा. तिथे थांबून कसं चालेल? मागे दुसरे यजमान खोळंबलेले असतात. पण घरी?

मघाशी बायकोला मुद्दाम विचारलं, "जरा चहा करशील का?" आणि थांबलो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आता नको. तबियत ठीक नाही, सकाळपासून गुडघे धरलेत."

सकाळपासून तीनदा चहा झाला होता. तिन्ही वेळा मी नुसतं "चहा" म्हणालो होतो.