एका दिवसानं सरकलेली पौर्णिमा

३० मार्च, पाडवा

शेवटी यांनी सगळ्यांसमोर सांगितलंच! देवळात गाव जमलं होतं. पंचांग वाचताना हे म्हणाले— भैरोबाची यात्रा यंदा शनिवारी, बारा एप्रिलला. रविवारी न्हाई.

यात्रा चैत्र पौर्णिमेची. मामंजींच्या जुन्या पंचांगात पौर्णिमा रविवारी, आणि गावचे पुढारी अमरसिंह, त्यांनी मंत्र्यांना यात्रेला यायला रविवारच दिलाय. त्यांच्या शब्दापुढं गावात कुणी जात नाही. हे देवाचे गुरव असले तरी नाही.

हे वर्षभर सांगताहेत, जुनं गणित शेकडो वर्षांमागचं, कणाकणानं चुकत आलं, ते कण साचले. ग्रहणाला यांनी ताडून पाहिलं, तर चंद्र जुन्या पंचांगाची वाट न बघता आधीच सुटला. शंभर वर्षांमागं सांगलीकडं विद्वानांची सभा भरली होती म्हणे, याच चुका काढायला. आमच्या गावात मात्र जुनंच चालत आलं.

मला गणित कळत नाही. मी अमरसिंहांचा चेहरा बघत होते.

२ एप्रिल

अमरसिंह घरी आले. बसले नाहीत. आवाजही चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. "गुरव, तुमी पूजा करा. दिवस आमी ठरवतो." जाताना आमच्या लेकीकडं, आरोहीकडं बघून विचारलं, बीडला क्लासला रोज येष्टीनंच जाती का.

३ एप्रिल

आरोहीला क्लासला पाठवलं नाही.

५ एप्रिल

देवळाला कुणीतरी दुसरं कुलूप घातलंय. यांनी पायरीवरच पूजा केली. बाया माझ्याकडं बघून बोलायच्या थांबतात. मी यांना म्हणाले, म्हणा की चुकलं म्हणून, एका दिवसानं काय जातं? तर हे म्हणाले, "चुकलंच न्हाई, मग चुकलं कसं म्हणू?" रात्री मात्र दोनदा उठून दाराची कडी बघून आले. म्हणजे हेही घाबरलेत!

७ एप्रिल

यांना न सांगता अमरसिंहांच्या आईकडं गेले, तुळजाबाईंकडं. वाटलं, लेक आईचं तरी ऐकेल. पदर पसरला. दिवसाचा सगळा घोळ सांगितला, तुम्हीच मिटवा म्हणाले. म्हातारी तांदूळ निवडत होती. ऐकून इतकंच विचारलं, "म्हंजी आमी चुकल्या दिवशी नवस बोललो?"

तिचा हात सुपातच थांबला. तेव्हा मला आठवलं— तिचा थोरला नातू. तो तापातून उठावा म्हणून यात्रेच्या दिवशी म्हातारीनं भैरोबाला लोटांगण घातलं होतं. पोर वाचलं नाही.

मी काय बोलून बसले!

९ एप्रिल

तुळजाबाईंनी अन्नपाणी सोडलं. देवाला भलत्याच दिवशी मागितलं, म्हणून पोर गेलं, हेच धरून बसल्यात. अमरसिंहांचा माणूस दारात येऊन म्हणाला, आईला काही झालं तर... पुढचं बोललाच नाही. दिवसाही आतून कडी लावतोय. यांना सांगून टाकलं, मीच तिथं गेले होते. रागावले नाहीत.

११ एप्रिल

अमरसिंहांनी यांना बोलावलं. आरोहीला शेजारी ठेवून मीही मागोमाग गेले. वाटलं, आता मारतात. ते उंबऱ्यात उभे होते, डोळे सुजलेले. म्हणाले, यात्रा उद्याच धरा, शनिवारी. मंत्र्यांना कळवलंय. आईनं फक्त घोटभर पाणी प्यावं.

हे म्हातारीजवळ बसले. तिनं नातवासाठी लोटांगण घातलं त्याच वर्षाचं विचारलं. हे डोळे मिटून कितीतरी वेळ बोटांच्या पेरांवर मोजत राहिले.

"आजी, त्या वर्षी दोन्ही पंचांगांत पौर्णिमा एकाच दिवशी हुती. तुमचं लोटांगण बरोबर दिवशी पडलं."

म्हातारी यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं तांब्याकडं हात केला.

१२ एप्रिल

पालखी उचलायच्या आधी यांना हळूच विचारलं, त्या वर्षी खरंच एकच दिवस होता का.

"न्हाई," म्हणाले, आणि शंख तोंडाला लावला.