मशीन योग्य ठिकाणी पोचले

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत, झोप उडाली आहे ती फक्त माझी. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? आणि आईला तुमच्याकडे करमतंय ना? (हा प्रश्न सहज विचारलेला नाही, पण तूर्त सहजच समज. फोन केला असता, पण आई तुझ्या शेजारीच बसलेली असते आणि माझ्या आवाजावरून तिला सगळं कळतं.)

माझी नोकरी नेमकी काय, हे चारचौघांत सांगताना तू अडखळतोस असं कानावर आलं, म्हणून एकदा लिहूनच देतो. लोकांना नको झालेले पंखे, मिक्सर, फ्रिज आमच्या कारखान्यात येतात, मिस्त्री ते दुरुस्त करतात आणि ज्याला हवेत त्याच्याकडे ते जातात. साहेब याला चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतात आणि म्हणताना बोटाने हवेत वर्तुळ काढतात, म्हणून आम्ही त्यांना गोलसाहेब म्हणतो. (पोटाचा काही संबंध नाही. थोडा आहे.) मिस्त्रींच्या डोक्यातलं ज्ञान संगणकात भरायचं, प्रत्येक वस्तूवर ठिपक्याठिपक्यांची चौकोनी चिठ्ठी डकवायची आणि तिची हकिकत लिहायची, हे माझं काम. आता तूच सांग, दुपारी छपराच्या काचेतून ऊन उतरतं, रांगेने टांगलेले पंखे वाऱ्यावर आपले आपण फिरू लागतात, फ्रिजची उघडी दारं हळूच हलतात, अशा वेळी माणसाची तंद्री लागणार नाही तर काय? एका पंख्यापुढे ‘मोटर ठीक’ लिहायचं सोडून मी ‘याच्याखाली कुणीतरी वर्षानुवर्षं निवांत झोपत असावं’ असं लिहून गेलो. गोलसाहेबांनी बोलावून झापलं. तो पंखा सगळ्यांत आधी गेला, हे मी त्यांच्या नजरेला आणून दिलं. मग पुन्हा झापलं.

तर झालं असं, की सरावासाठी प्रत्येकाने घरातली एक वस्तू संगणकात नोंदवावी असा हुकूम निघाला. बाकीच्यांनी शहाण्यासारखी इस्त्री नोंदवली. मी आईचं शिलाई मशीन नोंदवलं, कारण ते खिडकीशी असतं आणि सकाळी फार छान दिसतं. संगणक रोज विचारी, आज वस्तू वापरली का? आई तुमच्याकडे, त्यामुळे मी इमानेइतबारे ‘नाही’ म्हणे. खाली शेराही लिही. ‘ऊन मशीनच्या पायडलवर येऊन बसलं आणि उठून गेलं.’ ‘मशीन चालल्याचा आवाज आला, उठून पाहिलं तर शेजारचा नळ.’ संगणकाला यातलं फक्त ‘नाही’ तेवढं कळलं. त्याने मशीन पडून असलेल्या वस्तूंत टाकलं, कुणाची तरी मागणी शोधून जोडली आणि आमचाच टेम्पो माझ्याच दारात पाठवला. मी तेव्हा कामावर. हिला वाटलं, मीच दुरुस्तीला धाडतोय. हिने हमालांना चहा पाजला, जिन्यात स्वतः हात लावला आणि वर बजावलं, जपून न्या हो, सासूबाईंचं आहे!

घरी आलो तर खिडकीशी जमिनीवर चार डाग. दादा, मी तिथेच बसलो. बाबा गेल्यावर आईने त्या मशीनवर आपल्या दोघांना वाढवलं आणि मी ते एका ‘नाही’वर घालवलं. मला रडू आलं, हे स्पष्टच लिहितो.

संगणकाला विचारलं, मशीन कुठे आहे? तो म्हणाला, वस्तू योग्य ठिकाणी पोचली आहे. घेणाऱ्याचा नाव-पत्ता कारकुनांना दिसत नाही, तसा नियमच आहे. गोलसाहेबांकडे गेलो, तर त्यांनी हवेत वर्तुळ काढलं आणि सगळं कधी ना कधी फिरून परत येतं म्हणाले. मी म्हटलं, आई पुढच्या आठवड्यात परत येत्येय, त्याआधी येईल का? वर्तुळ अर्ध्यातच थांबलं.

वहिनींना नमस्कार. आईला काही म्हणजे काही सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य काम राहिलंच. आईला अजून थोडे दिवस ठेवून घे. कारण काहीही सांग. तुझा गुडघा आहेच.

दुसरा ता. क. डकवलेलं पाकीट फोडून लिहितोय. गोलसाहेबांना दया आली आणि त्यांनी पत्ता दाखवला. पत्ता तुझा! मागणी आईच्या नावाची, वहिनींच्या मोबाइलवरून केलेली. कारणाच्या जागी लिहिलंय, ‘हात रिकामे आहेत. जुनं चालेल.’ अरे दादा, मशीन तुझ्या घरात आलं, तू ते ओळखलंस आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस? आणि आईचं तर काय सांगावं! परवा स्वतःच फोन करून मला विचारत होती, घरात सगळं जागच्या जागी आहे ना? मी हो म्हणालो.

तिसरा ता. क. पहिला ता. क. रद्द समज. तिला ठेवून घेऊ नकोस. पण मशीन मागवलं म्हणजे तिने तुझ्याकडेच राहायचं ठरवलंय की काय, हे तिला विचारायचा मला धीर होत नाही. म्हणून आज कामावर मीही एक मागणी नोंदवली. ‘आई. जुनीच हवी. मशीनसकट किंवा मशीनशिवाय.’ संगणकाने लगेच कळवलं, ‘सध्या दुसरीकडे वापरात आहे. आपली मागणी रांगेत आहे.’ हे तिला दाखवू नकोस. नको, दाखवच.