पाळण्याचं शेवटचं कडवं

ग्वाल्हेर, रविवार संध्याकाळ

नवे स्पीकर आज लागले. मीनूनं हट्टानं सिटी सेंटरहून आणले. "बाबा, तुमच्या जुन्या डब्यांतून सगळे नाकात गातात," म्हणाली. पहिली कॅसेट तिच्या बारशाचीच लावायची, हे ठरलेलं होतं. त्यात सुधा पाळणा म्हणते आणि शेवटच्या कडव्याआधी थांबते. ते कडवं तिनं स्वतः रचलं होतं, लेकीचं नाव गुंफून. तीस वर्षं मी आल्यागेल्याला सांगत आलो की ऐन बारशाला आईच नाव विसरली. सुधा हसायची. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

जुन्या स्पीकरमधून त्या जागी नुसती खरखर यायची. आज खरखरीतून माणूस बोलला. मीनूनं टेप मागे घेऊन पुन्हा लावली.

"सुनो ना बाबा, हा तर तुमचा आवाज."

माझाच. "आटप आता, मला पेपरला बातमी द्यायचीय."

म्हणजे ती विसरली नव्हती. मग इतकी वर्षं हसत का राहिली? एकदा तरी बोलायचं. कोणती बातमी होती, तेही आठवत नाही.

"आईचं ते कडवं काय होतं?" मीनूनं विचारलं. "तुम्हाला तो पता होगा."

जन्मभर दुसऱ्यांचे शब्द तपासून वेळेत छापायला पाठवले. तिच्या चार ओळी कधी विचारल्या नाहीत.

मीनू अजून बाहेर स्पीकरपाशी बसली आहे. तिला वाटतंय, मी आत ते कडवं आठवून लिहितोय.